वही दिलीत की पहारा बसवलात?

पत्र थोडक्यात असं: दादरला ऑफिस असलेली, लिफ्टच्या देखभालीची घरची कंपनी. वडिलांनी 1991 मध्ये सुरू केली. आज परळ-लालबागपासून मुलुंडपर्यंत 310 लिफ्ट आणि 24 माणसं. पत्र लिहिणारी मुलगी 32 वर्षांची, ऐरोलीतली आयटीची नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी धंद्यात आली. सगळी माहिती एका जागी यावी म्हणून आठ महिन्यांपूर्वी तिने एक सॉफ्टवेअर घेतलं, माणशी दरमहा 450 रुपयांचं. प्रत्येक कॉलची नोंद, फोटो, सुटे भाग, हजेरी, कोणता मेकॅनिक या क्षणी कुठे आहे तो नकाशा, सगळं त्यात आहे. मेकॅनिक मात्र 'वर्क डन, ओके' यापलीकडे काही लिहीत नाहीत. गेल्या पावसाळ्यात, हे सॉफ्टवेअर यायच्या आधी, परळच्या एका इमारतीत पिटात, म्हणजे लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, पाणी भरलं आणि लिफ्ट तीन दिवस बंद राहिली. तिथे दरवर्षी पाणी भरतं हे सर्वांत जुन्या मेकॅनिकना, नानांना, 15 वर्षं ठाऊक होतं. पण नाना त्या दिवशी गावी होते. ते दिवाळीनंतर निवृत्त होताहेत. वडील म्हणतात, "एवढी वर्षं डोक्यात ठेवूनच धंदा केला ना?" तिचा प्रश्न: "ही माणसं मुद्दाम माहिती दाबून ठेवतात असं मला वाटायला लागलंय. नोंद नाही तर त्या दिवसाचा भत्ता नाही, असा नियम करू का? की सॉफ्टवेअरच बंद करून टाकू?" खाली सही: 'दोन मजल्यांच्या मधे अडकलेली'.

प्रिय अडकलेली,

सही आवडली. भत्ता कापू नका. सॉफ्टवेअर बंद करायचीही घाई नको. का ते सांगते, पण आधी आमच्या जिन्यातली गोष्ट ऐका.

तुमचं पत्र हातात होतं त्याच आठवड्यात आमच्या इमारतीतली लिफ्ट बिघडली. दुरुस्तीला आलेला मेकॅनिक काम उरकून आमच्या दारात पाणी प्यायला थांबला, तेव्हा त्याला सहज विचारलं, तुमच्याकडेही ॲपमध्ये लिहावं लागतं का? हो म्हणाला. मग काय लिहिता? तो हसला. "मॅडम, खरं लिहिलं तर ऑफिस विचारतं, एवढा वेळ का लागला. ओके लिहिलं तर कोणी काही विचारत नाही."

तुमच्या आठ महिन्यांचं उत्तर त्या एका वाक्यात आहे असं मला वाटतं. तुमच्या पत्रात सॉफ्टवेअरचं वर्णन करताना तुम्ही नोंदी, फोटो, हजेरी आणि नकाशावरचा ठिपका हे सगळं एका दमात सांगितलंत. तुमच्या दृष्टीने ती एकच वस्तू आहे. मेकॅनिकच्या दृष्टीने त्या दोन आहेत, आणि एकमेकींच्या वैरी आहेत. एक आहे वही: आपल्याला कळलेलं दुसऱ्यासाठी लिहून ठेवायची. दुसरा आहे पहारा: मी कुठे होतो, किती वेळ होतो, हे साहेबांना सांगणारा. पहारेकऱ्याच्या हातात वही दिली की माणूस त्या वहीत स्वतःचा बचाव लिहितो. 'वर्क डन, ओके' हा तोच बचाव, आणि तुम्हीच सांगा, तो अगदी अभेद्य आहे की नाही?

आता 'दाबून ठेवतात' या शब्दांकडे येऊ. नानांनी ती पिटाची गोष्ट खरंच 15 वर्षं कुणाला सांगितली नसेल? मी पैज लावायला तयार आहे की ती त्यांनी दहा-बारा जणांना तरी सांगितली असेल, चहाच्या टपरीवर, शेवटच्या लोकलमध्ये, रिले जळल्याचा वास येत असलेल्या मशीन रूममध्ये. त्यांतले काही सोडून गेले असतील, काही विसरले असतील. ऑफिसला कुणी सांगितलं नाही, कारण ऑफिसने कधी विचारलं नाही. ऑफिसने 'कॉल क्लोज झाला का' एवढंच विचारलं.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. 1980च्या दशकात ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती करणाऱ्या माणसांबरोबर हिंडला. कंपनीने त्यांना जाडजूड पुस्तकं दिली होती: अमुक खूण दिसली तर तमुक करा. ऑरला दिसलं ते वेगळंच. पुस्तकाबाहेरचा बिघाड आला की ही माणसं खाता-पिता एकमेकांना गोष्टी सांगत. त्या गोष्टींतून निदान होई, आणि पुढच्या वेळेसाठी ते लक्षातही राही. साहेबांना ज्या गप्पा वाटत होत्या, तेच खरं कामाचं ज्ञान होतं. पुढे 1990च्या दशकात त्याच कंपनीने फ्रान्समधल्या तंत्रज्ञांना हाताशी धरून 'युरेका' नावाची व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञाने आपल्याला सापडलेली युक्ती लिहायची, जाणत्या सहकाऱ्यांनी ती तपासायची, मग ती सगळ्यांना दिसायची. लिहिण्याचे पैसे द्यावेत का, असा विचार निघाला तेव्हा तंत्रज्ञांनाच ते नको होतं. त्यांना युक्तीखाली आपलं नाव हवं होतं.

तुमचा भत्त्याचा नियम याच्या नेमका उलटा जातो, आणि लिफ्टच्या धंद्यात तो धोक्याचाही आहे. दरवाज्याच्या लॉकला तपासणीपुरता जंपर, म्हणजे लॉकला बगल देणारी तार, लावतात आणि तो काढायचा राहतो, हे तुमच्या धंद्यातलं सर्वांत भीतिदायक वाक्य असावं. समजा एखाद्या पोराच्या रात्री घरी पोचल्यावर लक्षात आलं, की आपण तो काढला की नाही हे आठवत नाही. दंडाच्या कंपनीत तो गप्प बसेल आणि सकाळी लवकर जाऊन गुपचूप बघेल. दंड नसलेल्या कंपनीत तो त्या क्षणी फोन करील आणि जवळचा माणूस जाऊन लिफ्ट बंद करील. चुका लिहायची मुभा नसलेल्या वहीत बाकी कितीही लिहा, ती वही लंगडीच राहणार.

मग करायचं काय?

पहिलं काम, नकाशावरचा ठिपका नोंदींपासून तोडा. हजेरी हवी तर वेगळी ठेवा, साधी ठेवा. रात्रीच्या कॉलला जवळचा माणूस कोण हे कळायला ठिकाण लागतं, हे मला मान्य आहे. मग ते कॉल देण्यापुरतं वापरा आणि कामाचे तास संपले की बंद ठेवा. तसं चार लोकांसमोर सांगा, आणि पाळा. 2023 मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, तेव्हा माणसांची कोणती माहिती आपण कशासाठी गोळा करतो याचं उत्तर मालकाकडे असलेलं बरंच. पण कायदा नसता तरी मी हेच सुचवलं असतं.

दुसरं, नोंद कॉलची नको, लिफ्टची हवी. फरक बारीक वाटेल, पण सगळं त्यात आहे. कॉलची नोंद मागे बघते आणि साहेबांसाठी असते. लिफ्टचं पान पुढे बघतं आणि उद्या रात्री दोन वाजता तिथे जाणाऱ्या सहकाऱ्यासाठी असतं. 310 लिफ्ट, 310 पानं. पानावर पाच-सहा ओळी, बस्स. गच्चीची किल्ली कुणाकडे. मशीन रूमच्या शिडीची तिसरी पायरी सडली आहे. जाळीचा दरवाजा दुसऱ्या मजल्यावर ओढून लावावा लागतो, नाही तर कॉन्टॅक्ट लागत नाही. पिटात पाणी भरतं, जोराचा पाऊस लागला की लिफ्ट वर उभी करून स्विच बंद. सेक्रेटरी रात्री फोन उचलत नाहीत, तळमजल्यावरच्या काकू उचलतात. अशी पाच वाक्यं वाचलेली असली तर नवखा मेकॅनिकही त्या इमारतीत परका राहत नाही.

ही पानं कुणालाही दुरुस्त करता आली पाहिजेत, ऑफिसच्या परवानगीची वाट न बघता. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकी प्रोग्रामरने 1995 मध्ये जगातली पहिली विकी, म्हणजे वाचणाऱ्यालाच बदलता येणारी वेबसाइट, सुरू केली ती याच भरवशावर. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे लवकर. होनोलुलूच्या विमानतळावरच्या बसचं ते नाव त्याने उचललं. ज्याला चूक दिसली त्यानेच तिथल्या तिथे सुधारायची. कुणी घोळ घातला तर? आजकाल बहुतेक सॉफ्टवेअर जुनी आवृत्ती जपून ठेवतात, कोणी काय केव्हा बदललं हे दिसतं, एका बटणावर मागे जाता येतं. हे मात्र माणसांना दाखवा. सगळ्यांसमोर एक पान मुद्दाम बिघडवा आणि परत आणा. 'माझ्या हातून काही पुसलं जाईल' ही भीती पन्नाशीच्या माणसाला बोलून दाखवता येत नाही, तो म्हणतो 'मला वेळ नाही'.

भाषेचं काय केलं आहे तुम्ही? पत्रात उल्लेख नाही, म्हणून विचारते. तुमच्या ॲपमध्ये बिघाडाची यादी इंग्रजीत असेल आणि शेवटी 'अदर' असेल, तर मला खात्री आहे, तुमच्या मुंबईभरच्या लिफ्टना एकच आजार झाला असणार, 'अदर'. मराठी, हिंदी, दोन्हींची खिचडी, काहीही चालू द्या. टाइप करायचा कंटाळा असेल तर बोलून पाठवू द्या आणि ऑफिसात जी कॉल घेते तिने ते पानावर उतरवावं. असं कुणीतरी तुमच्याकडे असणारच, आणि बहुधा नानांच्या खालोखाल सगळी माहिती तिच्याच डोक्यात असणार. पानांची निगा तिच्याकडे द्या. आठवड्याचे दोन तास त्यासाठी तिच्या कामात धरा आणि तिच्या पगारातही ते दिसू द्या. निगा म्हणजे काय, तर प्रत्येक ओळीला तारीख आहे ना, किल्ली अजून त्याच वॉचमनकडे आहे ना, हे बघणं. लिफ्टच्या बाबतीत जुनी, चुकीची नोंद ही नोंद नसण्यापेक्षा वाईट. कोरं पान बघून माणूस सावध तरी राहतो.

मेकॅनिकांचा व्हॉट्सॲपचा ग्रुप असेलच, तो बंद करू नका. करून बघाल तर दुसरा निघेल आणि त्यात तुम्ही नसाल. कॉल तिथेच फिरू दे, बोलणं तिथेच होऊ दे. फक्त पुन्हा लागणारी गोष्ट दिसली की तेवढी पानावर गेली पाहिजे. ग्रुपवर सकाळच्या फुलांच्या खाली सहा महिन्यांपूर्वीचा कंट्रोलरचा, म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या विजेच्या पेटीचा, फोटो शोधून बघा एकदा, म्हणजे वडिलांनाही पटेल.

वडिलांचा विषय निघालाच आहे तर जरा थांबते. 'डोक्यात ठेवूनच धंदा केला' हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण त्या धंद्यात रात्री दोनचा फोन त्यांनाच येत होता आणि तुमच्या आईची झोप मोडत होती, हेही तितकंच खरं असणार. त्यांना सॉफ्टवेअरचे फायदे सांगू नका. एवढंच विचारा, मागच्या वर्षभरात तुम्हाला किती वेळा असा फोन आला की ज्याचं उत्तर फक्त तुम्हालाच माहीत होतं? आणि शेवटचे आठ दिवस तुम्ही मुंबईबाहेर कधी गेलात?

आता एक प्रश्न तुम्हाला, रागावू नका. ऑफिसचं पान कुठे आहे?

मेकॅनिकने नोंदवलं, ब्रेक लायनर झिजलंय, मागवा. पुढे काय झालं हे त्याला दिसतं का? ऑर्डर गेली की नाही, सोसायटीने कोटेशन मंजूर केलं की कमिटीच्या बैठकीत अडकलं, माल केव्हा येणार? बहुधा दिसत नाही. सोसायटीच्या पायऱ्यांवर शिव्या मात्र तोच खातो. त्याने माहिती द्यायची आणि ऑफिसने फक्त घ्यायची, याला सहकार्य म्हणत नाहीत, वसुली म्हणतात. ज्या दिवशी त्याला फोनवर दिसेल की आपण सोमवारी लिहिलेलं लायनर गुरुवारी येतंय, त्या दिवसापासून तो लिहील. मी स्वतः एका मोठ्या कार्यालयात नोकरी केली आहे. तिथे 'ज्ञानकोष' नावाचं पोर्टल थाटामाटात, समईबिमई लावून उघडलं होतं. वर्षाने मी आत डोकावले तेव्हा सुट्ट्यांची यादी, दिवाळीच्या रांगोळीचे फोटो आणि कॅन्टीनचा जुना मेनू एवढंच होतं. अडलेला प्रत्येक जण जात होता तो रेकॉर्ड रूममधल्या एका गृहस्थांकडे. ते निवृत्त झाल्यावर दोन वर्षं त्यांना घरी फोन जात होते. पोर्टलमध्ये लिहिणाऱ्याला परत काही मिळत नव्हतं. त्या गृहस्थांकडे गेलं की निदान उत्तर मिळायचं, वर चहा.

हे जमलं तर कंपनीला काय मिळतं, हेही सांगायला हवं, कारण 450 गुणिले 24 गुणिले 12 म्हणजे वर्षाला 1,29,600 रुपये होतात आणि वडील तो हिशेब करून बसले असणार. एकाच बिघाडासाठी दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा मारलेल्या फेऱ्या कमी होतात. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये परळ ते मुलुंड एक फेरी म्हणजे अर्धा दिवस. एकाच लिफ्टचा कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, चार महिन्यांत तीनदा बदलला, तीन वेगळ्या माणसांनी, हे एका पानावर दिसलं की दोष कॉन्टॅक्टरचा नाही, व्होल्टेजचा किंवा वायरिंगचा असावा, हे कुणाच्याही लक्षात येतं. तिघांच्या तीन डोक्यांत ते कधीच दिसणार नव्हतं. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराची रक्कम, वाढवून मागताना कमिटीसमोर वर्षभराचं काम ठेवता येतं, नाही तर 'तुमची माणसं येतात कुठे?' याला उत्तर नसतं. 1939चा जुना बॉम्बे लिफ्ट्स ॲक्ट जाऊन राज्यात 2017चा नवा कायदा आला आहे. त्याखालच्या तपासणीच्या वेळी, ही पानं असली की, देखभालीचा इतिहास शोधत कपाटं उपसावी लागत नाहीत. आणि नवा मुलगा लवकर तयार होतो. तुमच्या जागी मी असते तर वडिलांना हा शेवटचा मुद्दा आधी सांगितला असता. चांगली पोरं टिकत नाहीत ही तक्रार लिफ्टवाल्यांकडून मी बरीच ऐकली आहे.

करार मात्र पुन्हा वाचा. सॉफ्टवेअर सोडलं तर तुमची सगळी माहिती, फोटोंसकट, उघडता येईल अशा स्वरूपात परत मिळते का? विक्रेत्याला विचारू नका, स्वतः एकदा उतरवून बघा. मिळत नसेल, तर जी माहिती आधी माणसांच्या डोक्यात अडकली होती ती आता परक्याच्या कपाटात अडकली, एवढाच फरक. पाच-सहा ओळींच्या पानांसाठी ऑनलाइन शीट किंवा मीडियाविकी, डोकूविकीसारखं फुकटचं, मुक्त सॉफ्टवेअरही पुरतं. त्याला सांभाळणारा माणूस लागतो, पण आयटीतून आलेल्या मालकीणबाईंना ते जड जाऊ नये.

नानांबद्दल शेवटी लिहिते आहे, कारण पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल सर्वांत कमी लिहिलं आहे.

नानांकडे एक डायरी असेल. नसेल तर मी चकित होईन. ती मागू नका. 30-35 वर्षं ज्या माहितीवर माणसाची किंमत ठरली, ती निवृत्तीच्या तोंडावर 'इथे भरा' म्हणणं म्हणजे जिवंतपणी वाटणीपत्र करायला लावणं आहे. त्यांना विचारा, पावसाळ्याआधी आपण पाणी भरणाऱ्या इमारतींची यादी करू या का? हिंदमाता, सायन, परळ, लालबाग, जिथे जिथे असेल तिथे. 310 नव्हे, समजा 20 निघतील. दर शनिवारी दुपारी त्यांच्याबरोबर दोन तरुण मेकॅनिक द्या, तीन-चार इमारती करू द्या. नाना बोलतील, पोरं पानावर लिहितील, मशीन रूममध्ये कंट्रोलरच्या झाकणाच्या आत क्यूआर कोडचं स्टिकर लावतील, म्हणजे पुढचा माणूस फोन धरला की थेट त्या पानावर. पानाखाली लिहायचं: माहिती नानांची, तारीख अमुक. मधेच ते एखादी गोष्ट सांगतील, अमक्या साली गणपतीत अडकलेल्या वरातीची वगैरे. तीही लिहू द्या, कापू नका. बिघाड त्या गोष्टीसकटच लक्षात राहतो.

सगळं काही पानावर येणार नाही, हेही धरून चाला. ब्रेक सुटतानाचा आवाज ऐकून नानांना जे कळतं ते लिहिता येत नाही, ते शेजारी उभं राहूनच येतं. म्हणून दिवाळीपर्यंत त्यांना एकट्याला कॉलवर पाठवू नका, कायम कुणीतरी पोरगा बरोबर हवा. आणि दिवाळीनंतर आठवड्यातून एक दिवस, योग्य मानधन देऊन, नवी पानं तपासायला बोलवा. त्या फ्रेंच तंत्रज्ञांकडे जे काम जाणत्यांचं होतं, तेच.

हे पत्र छापून येईल तेव्हा एप्रिल संपत आला असेल. मृग लागायला सहा आठवडे, म्हणजे सहा शनिवार. परळची ती इमारत पहिल्या शनिवारी घ्या, आणि तुम्हीही जा बरोबर. नकाशावरचा ठिपका त्याआधीच्या शुक्रवारी नोंदींपासून तुटलेला असू दे.